कवटीचा भंग आणि वांकडें तोंड

घरांतील एखादा तरुण दुचाकीवरून पडतो, कानांतून थोडें रक्त येतें, आणि तिसऱ्या दिवशीं चहा पितांना ओठाच्या कोपऱ्यांतून ओघळ लागतो. ‘तोंडावरून वारें गेलें’ म्हणून कोणी तेल चोळूं लागतें. सुश्रुतसंहितेंत वातव्याधींमध्यें वर्णिलेल्या अर्दिताशीं हें लक्षण जुळतें खरें. परंतु येथें कारण निराळें आहे.

कानाजवळच्या कठीण अस्थींत एक अरुंद, वळणावळणाचा बोगदा असतो. त्यांतून सातवा मज्जातंतु चेहऱ्याकडे येतो. हंसणें, डोळा मिटणें हीं कामें त्याचीं. अस्थि भंगली म्हणजे तो सुजतो, चेपतो किंवा तुटतो.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, तोंड केव्हां वांकडें झालें? कांहीं दिवसांनीं झालें असेल, तर तंतु बहुधा अखंड असतो, आणि बहुतेकांस शस्त्रक्रियेविना आराम पडतो. पडतांक्षणींच एक बाजू पूर्ण लुळी झाली, तर मात्र तंतु तुटल्याचा संशय येतो. मग सी.टी. स्कॅननें भंगाची रेषा पाहतात, व तीन-चार दिवसांनंतर विजेच्या सौम्य धक्क्यानें तंतूची परीक्षा करतात. दोन आठवड्यांच्या आंत त्याची ९० टक्क्यांहून अधिक शक्ति नष्ट झाल्याचें दिसल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. अस्थि कोरून तंतु मोकळा करावयाचा; तुटला असल्यास टोकें जोडावयाचीं; तीं पोंचत नसल्यास मानेंतील वा पायांतील तंतूचा तुकडा मध्यें घालावयाचा.

१८९५ सालीं इंग्लंडांत चार्ल्स बॅलन्स यांनीं चेहऱ्याचा तंतु खांद्याच्या तंतूस जोडला. पण अशा जोडणींत खांद्याबरोबर चेहराही हलतो. १९३२ सालीं त्यांनीं व अमेरिकेच्या आर्थर ड्युएल यांनीं बोगद्यांतच तंतूचें कलम करण्याची रीत प्रसिद्ध केली. तंतु दिवसास सुमारें १ मिलिमीटर वाढतो. म्हणून फळ दिसण्यास कित्येक महिने लागतात, आणि पूर्वींचें हास्य जसेंच्या तसें क्वचितच परततें.

तोंवर डोळा सांभाळणें हें घरच्या मंडळींचें काम. न मिटणारा डोळा कोरडा पडून व्रण होतो व दृष्टीस धोका पोंचतो. दिवसा डॉक्टरांनीं दिलेले थेंब, रात्रीं मलम व पापणीवर पट्टी, यांत खंड पडूं नये.

आणखी एक गोष्ट. जखमी मनुष्य शुद्धीवर असल्यास त्यास डोळे घट्ट मिटावयास व दांत दाखवावयास सांगावें, आणि जें दिसेल तें वेळेसह कागदावर टिपून ठेवावें. धांदलींत हें राहून जातें. मागाहून आई एक सांगते, भाऊ दुसरें. आणि शस्त्रवैद्यास तर त्याच एका ओळीवरून पुष्कळ कांहीं ठरवावयाचें असतें.