१९२ चा आकडा आणि आजीची कॅसेट

वर्षातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतो. या वेळी भाच्याचा होता. "मावशी, आजीच्या कॅसेट डिजिटल करायला घेतोय. रेकॉर्डर बघून ठेवलाय, १९२ किलोहर्ट्झचा. ९६ वाला स्वस्तात मिळतोय, पण दुकानदार म्हणाला, जुनं रेकॉर्डिंग आहे ना, मग जास्तीत जास्त क्वालिटीचाच घ्या. बरोबर ना?"

नाही. आणि हे 'नाही' मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता लिहूनच ठेवते. पुढच्या वेळी नुसता कागद पुढे करीन.

आधी कॅसेटमध्ये काय आहे ते बघू. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी. तेवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार स्टिरिओ ट्रॅक, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्यावर आपल्या घरचं रेकॉर्डिंग झालं ते टू-इन-वनच्या अंगच्या माईकवर, माजघरात, आजी पाटावर आणि टेप फळीवर. चांगली साधी फीत, चांगलं यंत्र असं सगळं जुळून आलं, तर वरचे स्वर बारा-चौदा किलोहर्ट्झपर्यंत जातात. टू-इन-वनवर त्याच्याही खाली.

आता तो आकडा. डिजिटल रेकॉर्डर सेकंदाला जितक्या वेळा आवाज मोजतो, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पूर्णपणे पकडला जातो. सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंत सगळं. तरण्या माणसाचा कान २० च्या आसपास थांबतो, माझ्या वयाचा त्याच्या बराच अलीकडे. १९२ वर रेकॉर्ड केलं तर ९६ किलोहर्ट्झपर्यंतची जागा तयार होते. त्या जागेत आजी नाही. तिथे आहे तो यंत्राच्या सर्किटचा खरखराट, तोही वटवाघळांनाच ऐकू येईल असा. पुसट झालेला सातबारा कितीही महागड्या मशीनवर झेरॉक्स करा, तलाठ्याची शाई काही गडद होत नाही.

दुसरा आकडा बिटांचा. एक बिट म्हणजे साधारण सहा डेसिबल. १६ बिटांत शांत आणि मोठ्या आवाजामधलं ९६ डेसिबलचं अंतर मावतं. डॉल्बीशिवायच्या साध्या कॅसेटवर फितीची सरसर आणि सर्वात मोठा आवाज यांत पन्नासेक डेसिबलचं अंतर असतं. हिशेब केला तर नऊ बिट पुरले. तरीही मी २४ बिट घ्यायला सांगते, कारण त्याचा उपयोग वेगळा आहे: लेव्हल मुद्दाम खाली ठेवता येते. सर्वात मोठा आवाज मीटरवर उणे १२ च्या आसपास येऊ द्या. मधेच कुणी टाळी वाजवली, हार्मोनियमवाल्याने भाता जोरात ओढला, तरी वरचं काही कापलं जात नाही आणि खालचंही काही बुडत नाही. २४ बिट घ्यायचं ते सोयीसाठी. त्याने कॅसेटची क्वालिटी वाढते, हे डोक्यातून काढून टाका.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "पण फरक ऐकू येतो हो." बॉस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी नेमकं हेच तपासलं. उत्तम सिस्टीमवर हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग वाजवायचं, मधेच गुपचूप १६ बिट, ४४.१ च्या चाळणीतून काढायचं आणि विचारायचं, आता कोणतं वाजतंय? ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ साली निकाल छापून आला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. छापा-काटा केला असता तरी एवढीच आली असती. दुसरी बाजूही सांगते: जोशुआ राइस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही, पण आहे तो इतपत. आणि हे सगळं स्टुडिओतल्या निर्मळ रेकॉर्डिंगवर. टू-इन-वनवरच्या कॅसेटवर नव्हे.

मग मोठे संग्रह ९६ का वापरतात? रास्त प्रश्न. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयासा, आपल्या मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते, आणि ९६ चीही शिफारस करते. पण त्यांच्यापुढे स्टुडिओची मोठी स्पूल असतात, तबकड्या असतात. तबकडीवरची टिकटिक जितकी बारकाईने टिपाल, तितकी नंतर ओळखून काढता येते. भाच्यापुढे शूबॉक्सभर सी-६० आणि सी-९० आहेत. १९२ वर एक सी-९० म्हणजे सव्वासहा जीबी. साधी वेव्ह फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून रेकॉर्डर मधेच फाइल तोडतो, आणि आपण शोधत बसतो की ओवीचा उरलेला चरण गेला कुठे. तीच कॅसेट ४८ आणि २४ वर दीड जीबी होते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. विषय संपला.

संपला म्हणजे रेकॉर्डरपुरता संपला. पैसे आणि वेळ घालायचा तो दुसऱ्या टोकाला, कॅसेट वाजवणाऱ्या डेकवर. तिथे कुणी बघतच नाही.

आमच्या आईकडच्या एका कॅसेटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. वर्षानुवर्षं ती कॅसेट 'खराब' म्हणून प्रसिद्ध. आवाज गोधडीखालून यावा तसा. डेकचं झाकण काढून हेडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, तर तो चॉकलेटी होऊन बाहेर आला. थोडा फरक पडला. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू, ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो, कॅसेट चालू ठेवून घड्याळजीच्या पेचकसाने हळूहळू फिरवला. पाव फेरा झाला असेल. एकदम बांगड्या ऐकू आल्या. मग खुंटा धरून जातं फिरवतानाची घरघर, दळणाची मूठ पडल्याचा आवाज, आणि 'स' 'श' वेगवेगळे. चाळीस वर्षं ते सगळं फितीवर होतंच.

याला अझिमथ म्हणतात: हेडची फट फितीला किती काटकोनात आहे. रेकॉर्ड करणाऱ्या टेपचं हेड तिरकं असेल, तर वाजवणाऱ्याचंही तितकंच तिरकं करावं लागतं, नाहीतर वरचे स्वर आधी मरतात. म्हणून हे काम दर कॅसेटला नव्याने. जुनी टू-इन-वन बहुतेक मोनो. स्टिरिओ डेकवर तिची कॅसेट लावली की दोन्ही चॅनेलवर एकच आवाज येतो. ऑडॅसिटीत दोन्ही लाटा मोठ्या करून बघा. शिखरं एकाखाली एक आली तर हेड जुळलं. मागेपुढे असतील आणि तसेच दोन्ही चॅनेल एकत्र केलेत, तर वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला डेकचा बेल्ट बदलून मिळतो. १९२ वाल्याचे जास्तीचे पैसे तिथे खर्च करा.

वेगाचंही तसंच. सेल उतरलेले असताना रेकॉर्ड केलेली कॅसेट आज भरभर वाजते, आणि आजी दहा वर्षांच्या मुलीसारखी गाते. लोक म्हणतात, फीत ताणली गेली. छे. तेव्हा टेपच हळू चालत होता. टेप विजेवर चालत असेल तर रेकॉर्डिंगखाली एक हुंकार सापडतो. आपली वीज ५० हर्ट्झची; सॉफ्टवेअरमध्ये तो हुंकार ५३ ला दिसला, तर वेग किती कमी करायचा ते सहज निघतं. सेलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये हार्मोनियम असेल तर तिच्या सुरावरून. तेही नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना ऐकवून.

दुसरा गैरसमज सॉफ्टवेअरचा: आधी 'नॉइज' काढून टाका. कंप्युटरला नॉइज आणि आवाज यांतला फरक कळत नाही. सतत एकसारखं चालतं ते त्याच्या लेखी नॉइज. तंबोरा सतत एकसारखा चालतो. जातंही. एका नात्यातल्या मुलाने याच ओव्या कुठल्याशा एआयवर 'स्वच्छ' करून ग्रुपवर टाकल्या. जातं गायब! आजी बँकेच्या फोनवरच्या बाईसारखी, आणि ओवीच्या शेवटी लांबवलेला सूर मधेच कापलेला. सगळ्यांनी अंगठे दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पण ध्वनिमुद्रण त्यातल्या थोड्याच भागाचं आहे. तुमच्या घरात आवाजासकट ओवी असेल, तर त्यातलं जातं तरी पुसू नका. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तिला हात लावू नका. सफाई करायची ती प्रतीवर, आणि तीही सहा डेसिबलच्या आत. त्यापुढे गेलं की आवाज पाण्याखालून यायला लागतो.

'फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे कमअस्सल' हेही ऐकते. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. कॅसेट उतरवून तुकडे पाडायला तिच्यापुढे काही लागत नाही, ओशनऑडिओ तर त्याहून सोपं. आयझोटोपचं आरएक्स उत्तम आहे, पण ते दुरुस्तीचं हत्यार; आधी दुरुस्त करण्याजोगं काहीतरी नीट उतरवून घ्या.

'एमपीथ्रीमध्ये घेऊ, नंतर वेव्ह करू.' एमपीथ्रीने टाकून दिलेलं परत येत नाही. जागा वाचवायचीच तर फ्लॅक करा, फाइल निम्म्याच्या आसपास येते आणि काही जात नाही.

'फोन स्पीकरसमोर धरला की झालं.' मग पंखा, कुकर आणि शेजारचा कुत्राही वारसा म्हणून जपा. वायर लाइन-इनलाच लावा; माईकच्या भोकात लावलीत तर आवाज फाटतो. आणि रेकॉर्डरचं ऑटो-लेव्हल बंद. नाहीतर आजीने श्वास घेतला की सरसर वर येते.

'सीडीवर टाकलं, आता कायमचं.' घरी लिहिलेल्या सीडीतला रंग उडतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

कोकणातल्या वाचकांसाठी एक: फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर 'वाजवून बघू' म्हणू नका. ती हेडवर येते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट वेगळ्या काढा. बाकीच्यांचं काम मृगाच्या आत उरका.

आणि फाइल झाली म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. त्याच ओव्या मी पूर्वी एकदा उतरवल्या होत्या, तिरक्या हेडवर, आणि बांगड्या नसलेली ती फाइल सगळ्या नातेवाइकांना वाटलीही होती. आईने कॅसेट कपाटात जपून ठेवली होती, म्हणून दुसऱ्यांदा उतरवता आल्या.