म्हाताऱ्या माशांचे तळे



बाहेरून बेणे आणायचे म्हटले की आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. रोग नाही ना, आपल्या जमिनीला मानवेल ना, सगळे बघतो. नदीत परका मासा सोडताना मात्र एवढी चौकशी सहसा होत नाही. त्याची किंमत काय पडते, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर दिसले.

ही नदी सुमारे २,३०० किलोमीटर लांब. बरीचशी वाळवंटातून वाहते. डोंगरावरचा बर्फ वितळला की तांबड्या गाळाचा पूर यायचा आणि नंतर पात्र रोडावायचे. अशा पाण्यात तिथले गावरान मासे लाखो वर्षे टिकले. त्यांतला पाइकमिनो तर पुरुषभर लांब वाढे!

पुढे धरणे झाली. हूव्हर १९३६ साली पुरे झाले, त्याच्या खालचे डेव्हिस १९५१ साली. त्या नदीच्या पाण्यावर इंपिरियल खोऱ्याच्या वाळवंटात शेती फुलली, साखरबीटही पिकले. तेव्हा धरणाला नावे ठेवणे आपल्या तोंडी शोभणार नाही. पण पाणी थांबले, गाळ खाली बसला आणि स्वच्छ, संथ पाण्यात बाहेरून आणलेल्या माशांचे फावले. कार्प, कॅटफिश, बास, सनफिश, ट्राउट यांतले काही खाण्यासाठी आणलेले, काही गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी.

हौस कुठवर गेली पाहा. १९६२ च्या सप्टेंबरात ग्रीन या उपनदीवर धरणाचे दरवाजे बंद होण्याआधी सुमारे ७०० किलोमीटर प्रवाहात रोटेनोन नावाचे विष सोडले. ट्राउटसाठी जागा हवी होती, म्हणून आधीचे ‘कुचकामी’ मासे मारायचे! खालच्या अंगाला पोटॅशियम परमँगनेट टाकून (आपण विहिरीत टाकतो तेच) विष उतरवायचे ठरले होते. पण विष ठरल्या हद्दीच्या पलीकडे गेलेच.

डेव्हिस धरणाच्या मोहावे जलाशयात मात्र रेझरबॅक नावाचा गावरान मासा हजारोंनी दिसे. पाठीवर धारदार उंचवटा, दोन-अडीच फूट अंग. लोक म्हणत, बरे चालले आहे की! ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील माशांचे अभ्यासक मिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्याने या माशांच्या कानातले खडे काढून त्यांवरची वर्तुळे मोजली. झाडाचे वय खोडावरून काढतात, तसेच हे. १९८७ साली निष्कर्ष छापून आला. तपासलेले मासे २४ ते ४४ वर्षांचे निघाले! बहुतेक जलाशय भरण्याच्या सुमाराचे किंवा त्याआधीचे. तरणे पोर एकही नाही. म्हणजे घरे भरलेली, पण पाळणा एकाही घरात नाही, असे ते गाव.

अंडी तर दरवर्षी पडत होती, पिल्लेही निघत होती. मग जात कुठे होती? परक्या माशांच्या पोटात. खात्री कशी पटली? परके मासे नसलेल्या तळ्यात हाच रेझरबॅक सोडला, तर तिथे त्याची पिल्ले आपोआप वाढली.

मग उपाय सुरू झाला. रात्री पाण्यावर दिवा धरायचा, उजेडाकडे आलेली इवली पिल्ले जाळीने टिपायची, सुरक्षित तळ्यात वाढवायची आणि मग जलाशयात सोडायची. लहान सोडली तर पट्टेरी बास गिळतो, म्हणून उत्तरोत्तर मोठी करून सोडावी लागली. ती जुनी पिढी आता जवळजवळ संपली आहे. मोहावेतला रेझरबॅक या हाताने वाढवलेल्या पिल्लांवरच तग धरून आहे. आणायला एक दिवस लागला, निस्तरायला दशके लागताहेत.

आपल्या उजनीतला चिलापी मूळचा आफ्रिकेचा, हे किती जणांना ठाऊक आहे? शेततळ्यात मत्स्यबीज जरूर सोडा, चार पैसे मिळतात. पण बीज कोणत्या जातीचे आहे आणि पावसाळ्यात तळे ओसंडून ओढ्याला मिळते का, एवढे आधी पाहा. ओढ्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही.