मोडलेलं हाड आणि मगजातल्या पेशी

‘स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की हाड जुळतं म्हणे, खरं का?’ असं हल्ली बायका विचारतात. आज त्याबद्दल बोलू.

साधं मोडलेलं हाड जागेवर बसवून प्लास्टर केलं की बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं. पंचाईत होते ती तुकडाच गेला तर. अपघातात चुरा झालेला असतो, फट मोठी राहते, दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. मग डॉक्टर बऱ्याचदा रुग्णाच्याच कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरतात. म्हणजे दुसरी जखम आलीच, आणि कमरेतून तरी हाड किती काढणार?

म्हणून शास्त्रज्ञ मगजाकडे वळले. मटणाची नळी फोडल्यावर निघतो, तोच मगज. त्यातल्या काही मोजक्या पेशी नवं हाड तयार करू शकतात, हे मॉस्कोच्या फ्रीडेनस्टाइन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडातला २१ मिलिमीटरचा तुकडा काढला. (ऐकून जीव कळवळतो, माझाही.) काहींची फट तशीच ठेवली, काहींत बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा तुकडा बसवला, आणि काहींत त्याच तुकड्यावर कुत्र्याच्या स्वतःच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घातल्या. १६ आठवड्यांनी पाहिलं, तर रिकामी फट जुळलीच नव्हती. नुसत्या सिरॅमिकमध्ये थोडंच हाड आलं होतं. पेशी घातलेल्या ठिकाणी मात्र भरपूर.

मग आपल्याला का देत नाहीत? ते कुत्रे धडधाकट होते, हाड स्वच्छ कापलेलं होतं. रस्त्यावर चिरडलेल्या पायात माती जाते, रक्तपुरवठा तुटतो. त्यात माणसाला मधुमेह असेल, तंबाखू असेल, तर साधं हाडही उशिरा जुळतं. शिवाय त्या पेशी नुसत्या सुईने टोचल्या नव्हत्या, हे विसरू नका.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मूळपेशींचा नेहमीचा उपचार फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मान्य आहे. हाडासाठी अजून चाचण्याच. त्यामुळे कुणी लाखभर रुपये मागितले, तर म्हैस विकायच्या आधी विचारा: ही चाचणी आहे का, तिचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? चाचणी असेल, तर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.