यानात पाणी कुठून येतं?

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचं, तेव्हा मी कॉलेजात होते. केतन मेहतांची मालिका, रुबाबदार मिलिंद सोमण आणि गोष्ट थेट २१२३ सालातली! काय ते कौतुक! परवा सुटीत आलेल्या भाचीला मोठ्या हौसेने मोबाइलवर त्यातला एक भाग दाखवला.

मध्येच ती म्हणाली, “मावशी, यानात पाणी कुठून येतं गं?” तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, तिला हे सुचणारच. मी म्हटलं, “थांब, सांगतील पुढे.” पण कसलं काय! नुसती धरपकड आणि हाणामारी. चकचकीत पोशाख बाजूला केले, तर उरते नेहमीची चोर-पोलिसांची गोष्ट. मन खट्टू झालं.

खरं उत्तर किती रंजक आहे! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ, अगदी लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. भाची आधी ‘शीऽऽ’ म्हणाली, मग वही घेऊन बसली.

बचत गटात हे सांगितलं, तर एक ताई म्हणाल्या, “आपण भांड्यांचं पाणी अळूला घालतो, तसंच की!” अगदी खरं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात तर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात.

मैत्रिणींनो, टीव्हीपुढे मुलांनी काही विचारलं, तर “गप बघ” म्हणू नका. मालिकेने टाळलेलं उत्तर आपण मिळून शोधू या.