हिवतापाचा हिशेब

तापीच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि पश्चिमेस साक्री-नवापुराकडचा डोंगराळ मुलूख यांच्याविषयीं खानदेशांत पूर्वीं एक वाक्य ठरलेलें असे: तिकडचें पाणी बाधतें. यांतील बराच भाग आतां १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. पावसाळा सरून आश्विन-कार्तिक लागला, कीं तेथें हुडहुडी भरून येणाऱ्या तापाची पाळी सुरू होई. बदलीवर जाणारा कारकून असो, जंगलखात्याचा नोकर असो, वा लांकडाचा व्यापारी असो, तो तिकडे निघाला, कीं घरच्या माणसांच्या पोटांत गोळा उठे. पाणी उकळून पीत जा, असें त्यास बजावण्यांत येई. तो पाणी उकळून पीत असे, आणि ताप त्यास गांठीतच असे.

पाण्यावरचा हा आरोप अगदींच खोटा नव्हता. अपराध पाण्याचाच होता. परंतु तो पोटांत गेलेल्या पाण्याचा नसून घराबाहेर सांचलेल्या पाण्याचा होता. हा फरक उमजण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

१८८० सालीं अल्जीरियांत नोकरीवर असलेल्या लाव्हेराँ नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांस हिवतापाच्या रोग्याच्या रक्तांत एक सूक्ष्म जंतु दिसला. तो तेथें कोणत्या वाटेनें शिरतो, हें मात्र कळेना. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं रोग्याचें रक्त प्यालेला डांस फाडून पाहिला, तेव्हां त्याच्या जठराच्या भिंतींत त्या जंतूच्या वाढीची खूण सांपडली. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्यांनीं जंतूचा प्रवास डांसाच्या लालापिंडापर्यंत लावून दाखविला. त्याच वर्षीं इटलींत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याचा हिवताप ॲनाफिलीस जातीच्या डांसाची मादी पसरविते, हें सिद्ध केलें.

तेव्हांपासून हिवतापाशीं चाललेला झगडा हा दिवसांच्या हिशेबाचा विषय झाला. या हिशेबांत तीन आंकडे आहेत. त्यांतील एक जरी चुकला, तरी सारी बेरीज चुकते.

पहिला आंकडा डांसाच्या जन्माचा. मादी पाण्यावर अंडीं घालते. अंड्यांतून अळी, अळीचा कोष आणि कोषांतून पंख फुटलेला डांस, एवढा प्रवास उष्ण दिवसांत साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. तोंपर्यंत त्यास पाण्यावांचून गति नाहीं. म्हणून जें पाणी दर आठवड्यास एकदां पुरतें आटतें, त्यांतून सहसा डांस उडूं शकत नाहीं.

खानदेशच्या शेतकऱ्यास पाण्याची पाळी नवी नाहीं. पांझरा नदीच्या कांठीं फड पद्धतीची शेती कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. नदींत बंधारा घालावा, त्यांतून पाट काढावा, जमिनीचे फड पाडून प्रत्येक फडांत एकच पीक घ्यावें, पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी सोडावें आणि पाटांतील गाळ सर्व खातेदारांनीं मिळून काढावा, अशी ही व्यवस्था आहे. ती डांसांसाठीं निर्माण झालेली नव्हे; तथापि वाहत्या, साफ आणि मधून मधून कोरड्या पडणाऱ्या पाटांत अळीस थारा मिळणें कठीण. गवत माजलेला, झिरपून डबकीं करणारा पाट हें मात्र क्युलिसिफेसिस या खेड्यांतील मुख्य हिवताप-डांसाचें माहेरघर होय.

दुसरा आंकडा डांसाच्या वयाचा. रोग्याच्या रक्ताबरोबर गेलेला जंतु डांसाच्या शरीरांत वाढून त्याच्या लाळेंत उतरण्यास हवेच्या उष्णतेप्रमाणें सुमारें दहा ते चौदा दिवस लागतात. तितके दिवस जगलेली वयस्क मादीच काय ती घातक असते. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर टेकते. त्या भिंतीवर टिकाऊ विष फवारलेलें असेल, तर जंतु पक्व होण्यापूर्वींच ती मरते.

असें विष पॉल म्युलर या स्विस रसायनज्ञाच्या हातीं १९३९ सालीं लागलें. तें म्हणजे डी. डी. टी. मुंबई इलाख्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन् यांनीं १९४५-४६ च्या सुमारास धारवाड व कानडा जिल्ह्यांतील खेड्यांतून घरोघर त्याची फवारणी करविली, आणि तिचा गुण स्पष्ट दिसून आला. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत दरसाल ७.५ कोटि लोक हिवतापानें पडतात व ८ लक्ष दगावतात, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रव्यापी योजना सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या १ लक्षाच्या आसपास आली. १९५८ सालींच ‘नियंत्रण’ हा शब्द मागें पडून ‘निर्मूलन’ हा शब्द योजनेच्या नांवांत आला होता.

परंतु डांसांचाहि हिशेब चालू होता. १९५९ सालीं त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पंचमहाल जिल्ह्यांत क्युलिसिफेसिस डांस डी. डी. टी.स दाद देईनासा होत असल्याचें आढळलें. जे थोडे डांस विष पचवून उरले, त्यांचीच प्रजा वाढली. इकडे रोग गेला असें समजून देखरेख सैल पडली. १९७६ सालीं देशांत ६४ लक्षांहून अधिक रोगी नोंदले गेले. ज्या घरांत हिवताप ही आजीची गोष्ट झाली होती, तेथें तो पुन्हां खाटेशीं येऊन बसला.

तिसरा आंकडा रोग्याच्या औषधाचा, आणि सुशिक्षित घरें चुकतात तीं येथेंच. आपल्याकडे हिवतापाचे मुख्य जंतु दोन: व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायव्हॅक्सच्या रोग्यास तीन दिवस क्लोरोक्विन दिलें, कीं ताप बहुधा उतरतो. मूल खेळूं लागतें, खिचडी मागतें, आणि घरचीं माणसें पुढील गोळ्या फडताळांत ठेवून देतात. परंतु या जंतूचे कांहीं अंश यकृतांत निद्रिस्त राहतात. त्यांच्यावर क्लोरोक्विन चालत नाहीं. त्यांस प्रायमाक्विन लागतें, आणि तें चौदा दिवस. तें अर्धवट सोडलें, तर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं ताप उलटतो, आणि दरम्यान चावलेला डांस तोच जंतु शेजारच्या पाळण्यापर्यंत नेतो. गर्भवती स्त्रिया, तान्हीं मुलें व रक्तांत जी-६-पी-डी या द्रव्याची उणीव असलेलीं माणसें यांस मात्र हें औषध घातक ठरूं शकतें. म्हणून तें डॉक्टरांच्या सांगण्यावांचून घेऊं नये.

फाल्सिपॅरम अधिक क्रूर. तो मेंदूपर्यंत पोंचून थोड्याच दिवसांत जीव घेऊं शकतो. क्लोरोक्विनला तो जुमानीत नाहीं, असें भारतांत प्रथम १९७३ सालीं आसामांत दिसून आलें. त्यावरील आजचें औषध चिनी संशोधिका तू यूयू यांच्या शोधांतून निघालें. चीनमधील एका जुन्या वनौषधींतून त्यांनीं आर्टिमिसिनिन वेगळें केलें, व त्याबद्दल त्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें द्रव्य एकटें न देतां दुसऱ्या औषधाच्या जोडीनें तीन दिवस देतात, म्हणजे एकास चुकविणारा जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडतो. कोणता जंतु आहे हें रक्ताच्या तपासणीवांचून कळत नाहीं. म्हणून थंडी वाजून ताप येतांच प्रथम रक्त तपासावें.

लशीचेंहि काम पुढें गेलें आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठांत तयार झालेल्या व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें बनणाऱ्या आर-२१ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं मुलांसाठीं केली. परंतु ती फाल्सिपॅरमवरची आहे; व्हायव्हॅक्सच्या निद्रिस्त जंतूस तिचें भय नाहीं. म्हणून वरील तीन आंकडे लशीनें पुसले जात नाहींत.

जळगांव-धुळ्याच्या रहिवाशानें हा सारा प्रकार डोंगराकडचा समजून निश्चिंत राहूं नये. स्टीफेन्सी नांवाचा हिवताप-डांस शहरांतच रमतो. गच्चीवरील उघडी टांकी, झांकण नसलेलें पिंप, वापरांत नसलेली विहीर हीं त्याचीं घरें. ज्या शहरांत नळास रोज पाणी येत नाहीं, तेथें सांठवण करणें भागच असतें. पण आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळून भांडीं रिकामीं करावीं, घांसून पुसावीं, टांकीवर घट्ट झांकण ठेवावें आणि विहिरींत गप्पी मासे सोडावे, एवढें तर कोणत्याहि घरास साधण्यासारखें आहे.

२०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचें उद्दिष्ट सरकारनें ठेविलें आहे. त्यासाठीं प्रयोगशाळेनें आपलें काम पुष्कळ केलें आहे. उरलेला हिशेब घरांतल्या दिनदर्शिकेवर मांडावयाचा आहे: पाण्यासाठीं सातवा दिवस, आणि ताप उतरला तरी वैद्यकीय सल्ल्याप्रमाणें औषधाचा चौदावा दिवस. तो चुकला, तर डोंगराकडचें पाणी जसें बाधत असे, तसें आपल्याच गच्चीवरचें पाणी बाधेल.