गाय घेताना फक्त लिटर मोजू नका

गाय घेताना आपण पहिलं विचारतो, "दूध किती देते?" पण दोन-चार जनावरांवर घर चालवायचं, तर हिशेब इथे संपत नाही.

होल्स्टिन संकरित गाय दूध भरपूर देते. पण पेंड आणि हिरवा चाराही जास्त खाते, उन्हाळा तिला सोसत नाही, कासदाहाचा खर्च वेगळाच. जर्सी संकरित गायीचं दूध थोडं कमी, पण फॅट चांगली आणि खाणं कमी. गीर काटक; मात्र डेअरी जात बघत नाही, फॅट-एसएनएफ बघते. जादा भाव देणारं गिऱ्हाईक असेल तरच ती परवडते.

आता खरी अडचण. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच, 2015 पासून बैलही त्यात आले. त्यामुळे म्हातारी गाय किंवा संकरित गोऱ्हा विकून भांडवल परत येईल, हे धरून चालू नका. भाकड जनावराची वैरण आधीच खर्चात लिहा. म्हैस या बंदीत नाही, तिच्या दुधाला फॅटही जास्त. पण दोन वितांतलं अंतर मोठं असतं.

कालवडच व्हावी म्हणून सेक्स्ड सिमेनबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. रोजचा खर्च वहीत लिहा. हलाल रोजीत बरकत हवी, तर हिशेबही चोख हवा.