सर्किट नाही? व्हॉल्व्ह तर आहेत!

जुना व्हॉल्व्ह रेडिओ मिळाला की लोक आधी सर्किट डायग्रामसाठी अडून बसतात. त्याची फारशी गरज नसते हो! व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. ईसीएच ८१ मिक्सर, ईबीएफ ८९ आयएफ आणि डिटेक्टर, ईसीएल ८२ ऑडिओ, ईझेड ८० रेक्टिफायर. झाली सुपरहेटची साखळी. पिनांचा नकाशा व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये सापडतो. पिना खालून बघून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या.

पहिला संशयित? ईसीएल ८२ च्या तिसऱ्या पिनला, म्हणजे आउटपुट ग्रिडला, जोडलेला कागदी कपॅसिटर. त्या पिनवर पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं, तर तो बहुधा लीक झालाय. लगेच बदला, नाहीतर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातील. ट्रान्सफॉर्मर मिळवताना खरे हाल होतात.

नंबर 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच ८१, यूसीएल ८२) तर सावध! हीटर सिरीजमध्ये असतात आणि चॅसिस बहुतेकदा थेट मेन्सला जोडलेली. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय असा सेट उघडून चालू करू नका. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मगच आत हात घाला.

तुमच्या सेटमधले व्हॉल्व्ह नंबर कमेंटमध्ये टाका, मिळून साखळी लावू.